सिपीचे तीन धबधबे: शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ

युगांडाच्या पूर्वेला, केनियाच्या सीमेवर एल्गॉन हा विझलेला ज्वालामुखी पसरला आहे. त्याचं सर्वांत उंच शिखर, वागागाई, 4,321 मीटरचं. या डोंगराच्या उतारावरून सिपी नदी खाली येते आणि मैदानाला लागण्याआधी तीन कड्यांवरून उडी घेते. शेवटचा कडा जवळपास शंभर मीटरचा आहे. शाळा, दवाखाने, शेतकरी गट अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षं काम करायला आलेल्या स्वयंसेवकांची ही ठरलेली सुट्टी. त्यांत भारतातून आलेले असतात, मराठीही असतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथं जायचा मोह होणारच, आणि व्हावाही.

बहुतेकांच्या हातात शुक्रवारची दुपार आणि शनिवार-रविवार एवढाच वेळ असतो. तेवढा पुरतो, पण बेत आखताना हिशोब उलटा करायचा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बाराही महिने पावणेसातच्या आगेमागे मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. सातला काळोख. अंधारात या डोंगरात चालायचं नाही आणि अंधारात रस्त्यानं प्रवासही करायचा नाही, हे दोन नियम आधी मांडायचे आणि तिथून मागे मागे वेळा लावत जायचं. सिपीला गेलेल्यांच्या फजितीच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ सकाळी वाया गेलेल्या दोन तासांत असतं.

कधी जायचं? डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने. वाटा घट्ट असतात, कॉफीचा हंगाम चालू असतो, धबधब्याला पाणी थोडं कमी पण भरपूर म्हणावं असं असतं. एप्रिल-मे आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस जोरात. तेव्हा धबधबा भव्य दिसतो, पण वाट पायाखालून सरकते. शिवाय एल्गॉनच्या उतारांवर दरडी कोसळतात. मार्च 2010 मध्ये बुदुदात आणि नोव्हेंबर 2024 मध्ये बुलाम्बुलीत गावंच्या गावं चिखलाखाली गेली. सिपीचा रस्ता याच बुलाम्बुली जिल्ह्यातून वर चढतो. लाव्हाच्या खडकाची झिजून झालेली खोल, चिकण माती, तिच्यावर दाट वस्ती, झाडं काढून केलेली उभ्या उतारावरची शेती. पाणी मुरत गेलं की सगळा थर एकदम सुटतो. सलग तीन-चार दिवस पाऊस झाला असेल तर बेत सरळ पुढच्या आठवड्यावर ढकलावा.

शुक्रवार: कंपाला ते म्बाले

राजधानी कंपालापासून एल्गॉनच्या पायथ्याच्या म्बाले गावापर्यंत अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. बसनं पाच तास धरावेत. कंपालातून बाहेर पडायलाच कधी कधी दीड तास जातो, म्हणून दुपारी बाराच्या आत बसमध्ये बसलेलं बरं. जिंजा किंवा इगांगा इथं नेमणूक असेल तर दोन-तीन तास वाचतात.

निघण्याआधी ऑफिसात कुठं जाणार, कुठं राहणार आणि कधी परतणार हे लिहून द्यायचं. स्वयंसेवी संस्थांचा विमा बऱ्याचदा याच नोंदीवर अवलंबून असतो. मोटरसायकलवर, म्हणजे बोडा-बोडावर बसायला तुमच्या संस्थेची परवानगी आहे का, हेही आधी विचारा. अनेक संस्था ती देत नाहीत, आणि अपघात झाल्यावर हा मुद्दा निघाला तर खर्च अंगावर येतो. कामाच्या परवान्याची झेरॉक्स सोबत ठेवा. तिचा उपयोग रविवारी होईल.

रस्ता मुकोनो, माबिराचं जंगल, जिंजा, इगांगा आणि मग तिरिन्यीमार्गे म्बाले असा आहे. माबिराच्या अलीकडे नामावोज्जोलोला बस थांबली की खिडकीशी भाजलेली कोंबडी, मांसाच्या काड्या आणि भाजलेली केळी घेऊन विक्रेत्यांची झुंबड उडते. शाकाहारी माणसाला तिथं भाजलेली केळी चालतात, गरम असतील तीच घ्यावीत. जिंजाला व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथं विसर्जित केला होता आणि नदीकाठी त्यांचा अर्धपुतळाही आहे. थांबायला वेळ असलाच तर काठावरूनच बघा. सरोवराच्या आणि संथ नदीच्या कडेच्या पाण्यात बिल्हार्झियाचे जंतू असतात, ते गोगलगायींमधून पाण्यात येतात आणि पाय बुडवलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात.

म्बाले गाठेपर्यंत पाच-साडेपाच व्हायला हवेत. गावाच्या पाठीशी वानालेचा कडा उभा आहे आणि पावसात त्यावरूनही पांढऱ्या रेघा उतरताना दिसतात. मुक्काम टॅक्सी पार्कपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी करा, म्हणजे सकाळी कुणाची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना उत्साह असतो ते त्याच संध्याकाळी सिपी गाठायचं म्हणतात. तसं करू नये. चढाचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि सात वाजले की समोरून येणाऱ्या ट्रकला दिवे असतीलच अशी खात्री नसते.

सम वर्षी ऑगस्टमध्ये जात असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बागिसू लोकांचा इम्बालू हा मुलांच्या सुंतेचा मोठा सोहळा तेव्हा सुरू होतो. नाचत-गात जाणाऱ्या मिरवणुकांनी म्बालेचे रस्ते भरतात, खोल्या मिळत नाहीत आणि गाड्या तासन्‌तास अडकतात. बघायचा असेल तर त्यासाठीच जा. धबधब्याबरोबर तो जमत नाही.

संध्याकाळी म्बालेत पुढची कामं उरकायची. एटीएममधून पैसे काढा, कारण वर सिपीत भरवसा नाही. पन्नास हजार शिलिंगांची नोट गाडीत किंवा टपरीवर कुणी मोडून देत नाही, म्हणून एक, दोन आणि पाच हजारांच्या नोटांची गड्डी करून घ्या. मोबाईल मनी चालू असेल तर त्यातही थोडे पैसे ठेवा. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, ओआरएसची दोन पाकिटं, शेंगदाणे, एनडिझी म्हणजे इथली छोटी गोड केळी. भारतीय मालकांची दुकानं गावात आहेत. 1972 मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देशाबाहेर काढलं, तेव्हा ती रिकामी झाली होती. पुढं काही जण परतले, काही नवे आले. डाळ, मसाला, चिवड्याचं पाकीट असं काही हवं असेल तर तिथं मिळून जातं.

बुटांचं म्हणाल तर शहरी स्पोर्ट शूज इथं सर्वांत धोक्याचे. तळव्याची नक्षी उथळ असते, लाल चिकण माती तिच्यात भरते आणि दहा पावलांत तळवा गुळगुळीत होतो. खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट नसतील तर म्बालेच्या बाजारातून गमबूट घ्या. इथले शेतकरी तेच घालून उतारावर कामं करतात. आत जाड मोजे घाला, नाहीतर पोटरीला घासून फोड येतात.

शनिवार: सिपी

सकाळी साडेसहाला टॅक्सी पार्कमध्ये हजर. इथं टॅक्सी म्हणजे चौदा जणांची पांढरी व्हॅन. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावरही चौदांवर थांबत नाही. सिपीच्या पुढच्या कापचोर्वा गावाची गाडी विचारा आणि सिपीला उतरायचं आहे हे कंडक्टरला दोनदा सांगा. भाडं शेजारच्या प्रवाशाला विचारून घ्यावं आणि पैसे उतरायच्या थोडं आधी द्यावेत. अर्धी भरलेली गाडी बघूनच चढा. रिकामीत बसलात तर सकाळचा तास तिथंच गेला. कधी कधी गाडी भरलेली दिसावी म्हणून पार्कमधलीच पोरं आत बसवलेली असतात आणि निघायच्या वेळी एकेक जण उतरू लागतो. सामान नसलेली, आरामात गप्पा मारणारी माणसं जास्त दिसली तर पुढची गाडी बघावी. तिघं-चौघं असाल तर स्पेशल हायर, म्हणजे पूर्ण गाडी ठरवणं, खरोखर परवडतं.

वेळ विचारतानाही जपायचं. इथं बोलण्यात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ (स्वाहिलीत ‘दोन वाजता’) असं कुणी म्हणालं तर ते सकाळचे आठ, दोन नव्हेत. इंग्रजीतून बोलतानासुद्धा कुणी ‘दोन वाजता’ म्हणून आठची वेळ सांगून जातो. गाडीची किंवा गाइडची वेळ ठरवली की आपल्या घड्याळावर बोट ठेवून खात्री करून घ्या.

म्बाले ते सिपी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, दीड तास. सिरोन्कोपर्यंत रस्ता सपाटीवरून जातो, मुयेम्बेनंतर चढाला लागतो. कान दडपतात, हवा गार होते, भाताची खाचरं मागे पडून केळी आणि कॉफीच्या बागा सुरू होतात. सिपी जवळपास 1,775 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. मैदानातून थेट आलेल्याला पहिल्या चढालाच धाप लागते ती त्यामुळे. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला.

गाडीतून उतरताच चार-पाच तरुण गाइड म्हणून पुढं येतात. गाइड घ्यायलाच हवा. वाटा लोकांच्या शेतांतून आणि अंगणांतून जातात, त्यांना फाटे असंख्य आहेत आणि पाऊस पडला की कालची वाट आज नसते. पण रस्त्यावर घाईत कुणाला हो म्हणू नका. राहायच्या ठिकाणी सामान टाका आणि त्यांच्याकडून किंवा गावातल्या गाइडांच्या गटाकडून माणूस घ्या. मग चार गोष्टी आधीच बोलून, कागदावर लिहून घ्यायच्या: एक धबधबा, दोन की तिन्ही, दर माणशी की सगळ्यांचा मिळून, वाटेत शेतमालकांना द्यायचे पैसे त्यात धरले आहेत की वेगळे, आणि शेवटी परत आणून सोडायचं आहे की वरच निरोप. सिपीच्या धबधब्यांवर होणारी बहुतेक भांडणं तिसऱ्या मुद्द्यावर होतात. वाट ज्याच्या रानातून जाते तो काही शिलिंग मागतो, आणि ते रास्तच आहे, कारण त्याच्या बांधाची माती आपल्या बुटांनी ढासळते. गाइडनं ते आपल्या रकमेतून द्यायचे आहेत की नाहीत, एवढंच आधी ठरलेलं असावं.

धबधबे राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर आहेत, त्यामुळे इथं उद्यानाचं तिकीट लागत नाही. कुणी तशी पावती पुढं केली तर नीट वाचून घ्या.

नऊच्या सुमाराला चालायला लागायचं. तिन्ही धबधबे मिळून सात-आठ किलोमीटर होतात आणि थांबत-थांबत साडेचार ते पाच तास लागतात. क्रम दोन्ही बाजूंनी करता येतो. आमचं मत स्पष्ट आहे: खालचा, सर्वांत मोठा आधी. त्याची उतरण सर्वांत खडी आहे, ती ताज्या पायांनी आणि सकाळच्या कोरड्या हवेत करावी. पावसाळ्यात ढग दुपारी एक-दोनला जमतात, त्या वेळी आपण वरच्या धबधब्याजवळ, रस्त्याच्या जवळपास असायला हवं.

उतरण बाजारपेठेच्या कडेनं सुरू होते. आधी कॉफीच्या झाडांमधून, मग केळींतून, मग एकदम कड्याच्या पोटाशी. कॉफीची झाडं कमरेएवढ्या उंचीवर हाताशी येतात आणि घसरताना ती धरायचा मोह होतो. धरू नका. फांदी कडकन मोडते, आपण पडतोच, आणि शेतकऱ्याचं त्या फांदीवरचं वर्षाचं पीक जातं. आधार हवा तर काठी. गाइड पन्नास पावलांत कुठूनतरी काठी काढून देतो. ती उतारावर पुढं टेकवायची आणि पाऊल आडवं टाकायचं, टाच आधी. सह्याद्रीतल्या माणसाची इथं एक सवय अडचणीची ठरते. आपल्याकडे पावसात माती धुऊन खाली कातळ लागतो आणि पायाला पकड मिळते, म्हणून आपण ओल्या वाटेवर पाऊल जोरानं रोवतो. इथं मातीचा थर खोल आहे. जोरानं रोवलेलं पाऊल तळापर्यंत पोचतच नाही, वरचा थरच त्याला घेऊन जातो. छोटी, हलकी पावलं टाकायची आणि गवताच्या कडेनं जायचं.

काही टप्प्यांवर शिड्या लावलेल्या आहेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड कड्याकडे, आणि पाय पायरीच्या मध्यावर न ठेवता कडेला, जिथं ती खांबाला बांधली आहे तिथं. पायरी मोडते ती मध्ये. लाकडावर हिरवी शेवाळाची साय असेल तर आधी हातानं पुसून घ्या. कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका, पिशवीत टाका.

तळाशी पोचायच्या पन्नास-साठ मीटर आधीच कपडे भिजायला लागतात. एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी अर्ध्या वाटेतच फुटतं, आणि खाली येताना बरोबर हवा ओढत आणतं. ती हवा तळाच्या दगडांवर आपटून चारी बाजूंना फाकते. पाण्याचा नाही, वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि त्यात बारीक तुषार असतात. छत्री उलटी होते, चष्मा दर मिनिटाला पुसावा लागतो, बोलणं कानाशी ओरडून करावं लागतं. आजूबाजूचं गवत या वाऱ्यानं कायम एकाच दिशेला झोपलेलं असतं. ते बघूनच उभं राहायची जागा ठरवावी. फोटोसाठी झोताच्या बाजूला, कड्याकडे पाठ करून उभं राहिलं तर काच कोरडी राहते. नेमकं पाणी पडतं त्या कुंडात उतरायचं नाही. वरून पाण्याबरोबर दगड आणि ओंडके येतात आणि आवाजात ते येताना कळत नाहीत. दोरावरून या कड्याच्या बाजूनं उतरायची सोयही आहे. करायची असेल तर दोन स्वतंत्र दोर आणि खालून ब्रेक धरणारा माणूस, दोन्ही आहेत हे डोळ्यांनी बघा. पावसात ते करू नये, आणि कुणी घाई करत असेल तरीही करू नये.

तळाशी वीस-पंचवीस मिनिटं पुरे. ओल्या अंगानं जास्त थांबलं तर चढाच्या वेळी पोटऱ्यांत गोळे येतात. परत चढायच्या आधी अर्धा लिटर पाणी आणि मूठभर शेंगदाणे. चढाला पाऊण तास लागतो.

दुसरा टप्पा सिम्बा. इथपर्यंतची वाट वस्तीतून जाते. पोरं ‘हाउ आर यू’ करत मागे येतात. गोळ्या आणि पैसे वाटू नका. काल कुणी वाटले म्हणून आज ती शाळा सोडून वाटेवर उभी असतात. स्वयंसेवक म्हणून इथल्याच शाळांत काम करणाऱ्याला हे निराळं सांगायला नको. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

सिम्बाची गंमत पडद्यामागे आहे. एल्गॉनचे कडे एकसंध नाहीत. वर टणक लाव्हाचा थर, खाली राख आणि दगडगोटे घट्ट होऊन बनलेला मऊ थर. पाणी आणि ओल मऊ थराला पोखरते, वरचा छतासारखा पुढं राहतो, आणि पाण्याच्या मागे गुहा तयार होते. तिच्यात शिरून पाण्याच्या पडद्यामागून पलीकडचं हिरवं खोरं बघता येतं. आत जमीन भुसभुशीत आहे आणि छतातून खडे निखळतात, म्हणून छत जिथं कोरडं आणि अखंड दिसतं तिथंच उभं राहायचं. भिंतीवर टिचक्या मारून बघू नये. पायजमा मोज्यात खोचलेला असू द्या. ओल्या पालापाचोळ्यात सफारी मुंग्यांची रांग लागली तर त्या थेट वर चढतात. चावल्या तर झटकून निघत नाहीत, एकेक चिमटीत धरून ओढावी लागते.

तिसरा, सर्वांत वरचा, न्गासिरे. तिथवर आणखी तासभर. चढ अंगावर येणारा नाही पण लांबलचक आहे, सावली कमी. डोंगरावर ऊन गार वाऱ्यामुळे जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली असते, म्हणून टोपी. पाण्यात उतरायचं असेल तर ते इथं, गाइड दाखवेल त्या उथळ जागी, आणि बूट किंवा सँडल घालूनच. पाणी थंडगार असतं. पायांवर आधी घ्या, मग छातीवर. पाच मिनिटांत बाहेर, अंग पुसून कोरडा शर्ट.

गडगडाट सुरू झाला तर एकट्या झाडाखाली किंवा उघड्या धारेवर थांबू नका. युगांडात विजा फार पडतात. जून 2011 मध्ये किर्यान्दोंगो जिल्ह्यात शाळेवर वीज पडून मुलं दगावली होती. जवळचं पक्क्या भिंतींचं घर गाठा, लोक आत घेतात.

वरून परत येताना रस्ता मिळतो आणि बोडावाले तयार असतात. उतारावर काही जण पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून नुसत्या ब्रेकवर गाडी सोडतात. ब्रेक तापले की धरत नाहीत. बसायचंच असेल तर हेल्मेट मागा आणि इंजिन चालू ठेवायला आधी सांगा. पण खरं तर ते तीन-चार किलोमीटर पायीच उतरावेत.

जेवण दीड-दोनला. शाकाहारी माणसाचे इथं हाल होत नाहीत. चपाती या भागात हिंदुस्थानातून आलेल्या लोकांबरोबर पोचली आणि आता ती पूर्णपणे इथलीच आहे. तव्यावर अंडं आणि कांदा-कोबी घालून गुंडाळली की रोलेक्स. तुकडे करून वर राजम्याची उसळ ओतली की किकोमांडो. हे खाऊन माणूस रात्रीपर्यंत टिकतो. माटोके, म्हणजे उकडून मऊ केलेली हिरवी केळी, शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर घ्यावी. डोडो नावाची पालेभाजी दिसली तर मागा, तो आपला माठ आहे. म्बाले भागात मालेवा मिळतो: धुरावर वाळवलेले बांबूचे कोंब भिजवून, उकडून शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेले. धुराचा वास तीव्र असतो, पण दुसऱ्या घासाला त्याची गोडी लागते. तळलेल्या पदार्थांत कुठलं तेल आहे आणि कालवणात मांसाचं पाणी आहे का, हे मात्र विचारूनच घ्या.

तीन ते पाच कॉफी. हे टाळू नका. अनेकांना धबधब्याइतकंच हे लक्षात राहतं. एल्गॉनच्या उतारावरची ही अरेबिका बुगिसू या नावानं जगभर जाते. म्बालेची बुगिसू सहकारी संघटना 1954 ची आहे. शेतकऱ्याच्या अंगणात सगळी क्रिया हातानं करून बघता येते. फक्त पूर्ण लाल झालेली बोंडं तोडायची, देठ फिरवून. ओढलं तर पुढच्या वर्षीचा डोळा निघून येतो. हातयंत्रातून साल काढली की आत दोन बिया चिकट गरात असतात. त्या रात्रभर आंबवून, धुऊन, जाळीवर वाळवतात. हे टप्पे आधीच झालेले दाखवतात, कारण वाळायलाच बरेच दिवस लागतात. मग उखळ आणि मुसळ आपल्या हातात येतं. इथं चुकतं ते असं: पाहुणा जोरात कांडतो आणि दाणे फुटतात. घाव हलका, थोडा तिरका, दाण्याला दाण्यावर घासणारा हवा, म्हणजे वरचं पापुद्र्यासारखं कवच सुटतं. सुपात पाखडून कवच उडवायचं. पाखडणं ज्या घरांत पाहिलेलं असतं त्यांना हे पटकन जमतं, आणि इथल्या बायकांना त्याचं फार कौतुक वाटतं.

भाजणं मातीच्या किंवा लोखंडी तव्यात, तीन दगडांच्या चुलीवर. ढवळणं एक क्षणही थांबवायचं नाही. दाणे आधी पिवळसर, मग दालचिनीच्या रंगाचे होतात, आणि दहा-बारा मिनिटांनी तडतडतात. तडतड थांबली की मिनिटभरात उतरवलं तर आंबटगोड चव राहते. तेल सुटेपर्यंत थांबलात तर नुसता कडवटपणा. लगेच पसरून वारा घालायचा, नाहीतर स्वतःच्या उष्णतेनं दाणे भाजतच राहतात. पाच-सहा किलो बोंडांतून जेमतेम किलोभर कच्चे दाणे हाती येतात आणि भाजताना आणखी वजन घटतं. हे एकदा पाहिलं की पाव किलोच्या पाकिटावर घासाघीस करावीशी वाटत नाही. विकत घ्यायची तर इथंच घ्या, अख्खे दाणे.

साडेसहाला खोलीवर. मैदानाकडे तोंड असलेल्या कड्यावरून कारामोजाच्या बाजूला मैलोन्‌मैल दिसतं. रात्री गारठा पडतो, स्वेटर लागतो. उंचीमुळे डास कमी असले तरी मलेरियाची गोळी चुकवायची नाही, कारण काल म्बालेत आणि उद्या पुन्हा खाली डास आहेतच. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर सकाळपर्यंत पाणी शोषलं जातं.

रविवार: परत

सहाला उठून रस्त्यावर यावं. या डोंगरात धावणारे तयार होतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकणारा स्टीफन किप्रोटिच आणि दहा हजार मीटरचा विश्वविक्रम 2020 मध्ये 26 मिनिटं 11 सेकंदांवर आणणारा जोशुआ चेप्टेगेई, दोघंही कापचोर्वाचे. उजाडताच तरुण मुलामुलींचे घोळके चढावर धावत जाताना दिसतात. कडेला थांबून त्यांना वाट द्यायची.

पाय चांगले असतील आणि नेमणूक म्बाले किंवा आसपासची असेल तर सकाळी कापक्वाईच्या वनकेंद्राकडे जाता येतं. तिथं उद्यानाच्या आत आखलेल्या वर्तुळाकार वाटा आहेत, बांबूचं रान आहे. इथं मात्र तिकीट लागतं आणि परदेशी पर्यटक व देशात राहणारा परदेशी यांचे दर वेगळे आहेत. शुक्रवारी बरोबर घेतलेली परवान्याची झेरॉक्स इथं दाखवायची. कंपालाला परतायचं असेल त्यांनी हा नाद करू नये, वेळ पुरत नाही.

रविवारी सकाळी लोक चर्चला जातात, गाड्या भरायला वेळ लागतो. प्रार्थना सुटल्यावर एकदम गर्दी होते. म्हणून आठ-साडेआठला रस्त्यावर उभं राहून कापचोर्वाहून खाली येणारी गाडी पकडावी. दहाला म्बाले, अकराच्या आत कंपालाची बस. केनियाकडून मालाबाच्या सीमेवरून येणारे ट्रक इगांगाच्या पुढे याच रस्त्यावर असतात आणि रविवारी दुपारी चारनंतर माबिरापासून मुकोनोपर्यंत वाहनं मुंगीच्या गतीनं सरकतात. अकराची बस पाचपर्यंत पोचवते. दोनची बस नऊलाही पोचेल याची हमी नाही. बसमध्ये चालकाच्या मागची दुसरी-तिसरी रांग, आतली खिडकी. सगळ्यात पुढची जागा नको.

पोचल्यावर ऑफिसला आल्याचा निरोप द्या. गमबूट धुऊन उलटे टांगा, पायांच्या बोटांमध्ये आणि नखांच्या कडेला काळा ठिपका किंवा खाज आहे का बघा. जिगर पिसवा तिथं शिरतात. नखानं कोरू नका, दवाखान्यात निर्जंतुक सुईनं काढून घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर थकवा समजून अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करायची.